एकोणीस नंबरची कडी

४ फेब्रुवारी

प्रिय बारके,

हे सोळावं पत्र. मोजते म्हणून चिडू नकोस, मोजणं हाच माझा धंदा आहे. आधीच्या पंधरांना उत्तर आलं नाही, तेव्हा यालाही येणार नाही हे धरूनच लिहितेय. तुझ्यावर कसलं ओझं नाही.

दर रविवारी तू आईला फोन करतेस तेव्हा मी मोरीत भांडी घासत असते आणि नळ बारीक करून ऐकते. फोन ठेवला की आई बातम्या देते. तुझा खोकला गेला, नव्या खोलीत उजेड कमी आहे, शाळेत शिकवून शिकवून घसा बसतो. मग मी विचारते, माझं काही विचारलं का. आई म्हणते, "विचारलं की. बरी आहे का म्हणाली." तिला खोटं बोलता येत नाही हे तुलाही ठाऊक आहे. बोलताना पदराचं टोक चाळवत बसते.

आपल्या संशोधन केंद्रातलं काय सांगू. समुद्रजीवांच्या टाक्यांचा पंप तोच, त्याचं कण्हणंही तेच. गुडघे आता पायऱ्या दिसल्या की आधीच कुरकुरायला लागतात. हातांची सालं निघतात, खाऱ्या पाण्यात तीस वर्षं बुडवल्यावर दुसरं काय होणार. या आठवड्यात बाहेरून नवीन अर्चिन आलेत, सव्वीस काटेरी गोळे. ओसाड खडकावरचे आहेत. तिथलं शेवाळ त्यांनीच खाऊन संपवलं आणि मग खडकालाच चिकटून राहिले. बाहेरून धडधाकट, काटे ताठ, पण एक मेलेला कापून पाहिला तर कवचात काही म्हणजे काही नव्हतं. असे उपाशी अर्चिन वर्षानुवर्षं जगतात, हे तूच मला शिकवलं होतंस. तेव्हा मला ते कौतुकाचं वाटलं होतं. आता नुसता कंटाळा येतो त्यांच्याकडे बघून.

एक गोष्ट मात्र आहे. हेडक्लार्क काल डबा खाताना म्हणाला की तू एका मोठ्या प्रयोगशाळेत अर्ज केलायस आणि त्यांचं इकडे पत्र आलंय. जुन्या प्रकरणाची चौकशी केलीय. संचालक बाईंनी तुझी फाइल मागवली. तू हे आईलाही सांगितलं नाहीस.

मला आनंद झाला. मग डबा अर्धाच बंद करून मी टाक्यांकडे गेले. सध्या एवढंच.

तुझी,
ताई

११ फेब्रुवारी

प्रिय बारके,

बाईंनी बोलावलं होतं. त्यांना येऊन दोनच वर्षं झाली, त्यामुळे तुझं प्रकरण त्यांना कागदावरच माहीत. मला समोर बसवलं, चहा मागवला, आणि म्हणाल्या, टाकीताई, मला सगळं पहिल्यापासून सांगा, मी काहीच वाचलेलं नाही असं समजून सांगा.

मग सांगितलं. चाळीस अर्चिन होते. माझी बहीण रोज दहांना उचलायची आणि तोंड वर येईल असं उलटं ठेवायची. अर्चिनचं तोंड असतं खाली, दगडाकडे, पाच दातांचं. उलटं ठेवलं की ते जिवाच्या आकांताने सरळ व्हायला बघतं. काट्यांमधून ते दोऱ्यासारखे नळीचे पाय बाहेर काढतं, एकेक पाय काचेला चिकटवतं, स्वतःला तसू तसू ओढत कडेवर उभं राहतं आणि मग पलटतं. याला किती वेळ लागतो ते स्टॉपवॉचवर बघायचं आणि वहीत लिहायचं. कोण कुठला हे कळावं म्हणून प्रत्येकाच्या एका काट्यात प्लास्टिकच्या नळीची बारीक कडी सरकवली होती, तिच्यावर नंबर.

बाईंनी विचारलं, यातून काय निघालं. मी म्हटलं, सात महिन्यांत असं निघालं की जो चपळ तो कायम चपळ आणि जो मंद तो कायम मंद. सहा नंबर दोन मिनिटांच्या आत सरळ. एकोणीस नंबर अकरा मिनिटं घ्यायचा, थंड पाण्यात अकरा, कोमट पाण्यात अकरा, पोट भरलेलं असताना अकरा. मेंदू नसलेल्या प्राण्यालाही स्वतःचा स्वभाव असतो, असं तुझं म्हणणं होतं. आईला सांगितलं तेव्हा ती काय म्हणाली होती तेही मी बाईंना सांगून टाकलं, की त्यात नवल कसलं, माझ्या दोघी पोरी बघा. बाई हसल्या. मलाही जरा बरं वाटलं.

आणि आठव्या महिन्यापासून, त्या म्हणाल्या.

आठव्या महिन्यापासून सगळा गोंधळ. एकोणीस नंबर अचानक पावणेदोन मिनिटांत पलटायला लागला आणि सहा नंबर पडून राहायला लागला. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी दोन्ही आकडे शेजारी ठेवले आणि म्हणाले, प्राण्याचा स्वभाव असा एका आठवड्यात फिरत नाही, तेव्हा पहिले सात महिने घरी बसून लिहिलेले दिसतात. मी बाईंना म्हटलं, पुढचं मला माहीत नाही. तिच्याकडून लेखी खुलासा घेतला, त्यात काय होतं ते मला कुणी सांगितलं नाही, महिन्याभरात ती गेली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "फाइलमध्ये आहे ते तिच्या विरोधात आहे. महिनाअखेर मला उत्तर द्यायचंय. मी आहे तसं कळवलं तर ही जागा तिला मिळणार नाही, आणि पुढे कुठेच मिळेल असं वाटत नाही. त्या दिवसांत टाकीत काही झालं होतं का? तुम्हाला काही आठवतं?"

मी म्हटलं, तीन वर्षं झाली, आता काय आठवणार.

मी चहा संपवला, कप उचलून बाहेर ठेवला आणि टाक्यांकडे गेले. दिवसभर जाळ्या घासत होते. तशा त्या परवाच घासल्या होत्या.

ताई

१९ फेब्रुवारी

बारके,

हे पत्र पोस्टात टाकीन असं वाटत नाही. तरी लिहिते.

नव्या सव्वीसांना मी शेवाळ द्यायला लागलेय. जिवात जीव आल्यासारखे हलायला लागलेत. अंगात जोर आला तसं त्यांचं ते जुनं वेड पण सुरू झालं. खालचे शिंपल्यांचे तुकडे, खडे, शेवाळाची पानं, हाताला लागेल ते उचलायचं आणि डोक्यावर घेऊन हिंडायचं. हात नाहीत खरं तर, पण त्या पायांनी आणि काट्यांनी वस्तू एकेक इंच वर सरकवतात आणि माथ्यावर धरून ठेवतात. उजेडापासून आडोसा म्हणून करतात, की लाटेत वजन असावं म्हणून, तू म्हणायचीस की अजून कुणाचं एकमत नाही. दिवा लावला की जास्त करतात एवढं मी स्वतः पाहिलंय.

आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी कपाटातून एक जुनी कडी काढली. लाल. पाण्यात सोडली. ती वाळूवर जाऊन बसली. स्टूल घेऊन मी काचेसमोर बसले. पाऊण तासाने एक अर्चिन तिच्यावरून गेला आणि कडी दिसेनाशी झाली. अजून वीस मिनिटांनी ती त्याच्या कडेवर होती. मी उठले तेव्हा ती त्याच्या माथ्यावर होती, एका शिंपल्याच्या शेजारी, काट्यांच्या मध्ये. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं की कुणीतरी नीट बसवलीय.

म्हणजे मला तेव्हाच जे दिसलं होतं, तेच.

आईचा मोतीबिंदू काढला तो आठवडा आठव. तू रजा घेतलीस, तिच्याजवळ राहिलीस. मी टाकी उपसली. दर आठवड्याला भिंगाने सगळ्या कड्या तपासायच्या, पक्क्या आहेत का बघायचं, रजिस्टरला खूण करायची, असं तू मला सांगून ठेवलं होतंस. ती खूण मी करत होते. कड्या तीन आठवडे बघितल्या नव्हत्या. का, म्हणशील तर काही मोठं कारण नाही. दमले होते. इतके दिवस एकही निघाली नव्हती, मग वाटलं आजही नसेल निघाली.

पाणी उतरलं तेव्हा अकरा कड्या सुट्या होत्या. चार तळाशी. सात दुसऱ्यांच्याच डोक्यावर, खड्यांबरोबर. एकोणीसची कडी एका भलत्याच्याच माथ्यावर होती आणि तो ती मिरवत होता. आणि अकरा अर्चिन बिनकडीचे.

तेव्हा मी कड्या बाजूला ठेवून तुला फोन करायला हवा होता. अकरा गेले, एकोणतीस उरले असते. एकोणतिसांवर तुझं काम झालं असतं, तू थोडी चरफडली असतीस आणि संपलं असतं. मी काय केलं, तर अकराही कड्या अंदाजाने बसवल्या. मला खरंच वाटत होतं की मी त्यांना ओळखते. हा जरा चपटा, तो जांभळट, त्याचे डावीकडचे काटे तुटून नवे आलेत. ज्याला चेहराच नाही त्याचा चेहरा ओळखायची हौस. जोराने दाबून बसवल्या, परत निघू नयेत म्हणून. माझी चूक पक्की करून ठेवली.

नंतर तुझे आकडे फिरायला लागले तेव्हा दुसऱ्याच आठवड्यात मला कळलं. तू वही घेऊन माझ्याकडे आलीस, म्हणालीस, ताई हे बघ ना, एकोणीसला काय झालंय. मी म्हटलं, पाणी बदललं असेल. तू पाणी तपासलंस. मग मी म्हटलं, ऋतू असेल, अंडी सोडायचे दिवस जवळ आलेत. तू तेही तपासलंस. पाच महिने तू एकेक गोष्ट तपासत होतीस आणि मी तुझ्यासाठी बादल्या उचलत होते.

नोकरी जाईल म्हणून गप्प बसले असं मी स्वतःला सांगत आले. आईचं कोण बघणार, वगैरे. ते खोटं नाही, पण खरं कारण लाज आहे. टाकीताईच्या हातून चूक होत नाही, हे सगळे म्हणायचे आणि त्यात सगळ्यात जास्त तू म्हणायचीस. तुला मी दुसरीपासून वाढवलं, शाळेत जाताना तुझे केस मी विंचरले, पहिला अर्चिन तुझ्या तळहातावर मीच ठेवला. त्या तुझ्यासमोर जाऊन सांगायचं की मी खुणा खोट्या केल्या. मिठाची गुळणी धरून बसले ती आजपर्यंत.

२३ फेब्रुवारी

त्या दिवशीचं पत्र पिशवीतच आहे. रोज पोस्टाच्या पेटीवरून जाते.

आज आईला सांगितलं. ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती, मी चिमटे देत होते. सगळं सांगितलं, कड्यांपासून. तिला अर्चिन कधी नीट कळलेच नाहीत, ती त्यांना साळू म्हणते, पण हे कळलं. चादर झटकून तिने दोरीवर टाकली, सरळ केली, आणि मग म्हणाली, "मला काय सांगतेस? माझं काय गेलं? जिचं गेलं तिला सांग."

मी म्हटलं, ती माझ्याशी बोलत नाही.

"तू तरी कुठं बोललीस तिच्याशी," आई म्हणाली. "सतरा पत्रं लिहिलीस म्हणे. त्यात काय लिहिलंस, पंपाचं?"

मग घरात गेली. जेवताना एक अक्षर बोलली नाही. मला वाटलं होतं रागवेल, रडेल, निदान तुझी बाजू घेऊन चार शब्द सुनावेल. तिने नुसतं ताट उचललं आणि उठली, ते फार लागलं. उद्या बाईंकडे जाते.

२८ फेब्रुवारी

प्रिय बारके,

मागची दोन पत्रं टाकली नव्हती, ती याच पाकिटात आहेत. आधी ती वाच. वाचून झाली असतील तर पुढे.

चोवीस तारखेला मी कागद लिहून नेला. दीड पान. टाकी कधी उपसली, किती कड्या सुट्या होत्या, रजिस्टरमधल्या कोणत्या तीन खुणा खोट्या, कड्या कुणी बसवल्या. खाली सही. बाईंनी उभ्यानेच वाचला. मग दार लावलं, कपाटातून तुझी फाइल काढली आणि एक कागद माझ्यापुढे ठेवला. म्हणाल्या, हे वाचा.

तुझं अक्षर मी कुठेही ओळखीन. वळणदार, पण वेलांटी नेहमी घाईत.

तू लिहिलं होतंस की कड्या सुटल्या होत्या. अकरा. त्या तूच अंदाजाने बसवल्यास आणि ही गोष्ट लपवलीस. टाकीची देखभाल करणाऱ्यांना यातलं काहीही माहीत नव्हतं आणि त्यांचा याच्याशी संबंध जोडू नये. खाली तुझी सही, तीन वर्षांपूर्वीची.

मी तो तीनदा वाचला. अकरा हा आकडा तुला कुठून कळला, एवढंच माझ्या डोक्यात फिरत राहिलं. मग लक्षात आलं. माझ्या कड्या करकचून बसवलेल्या, तुझ्या हलक्या हाताच्या. आळ आल्यावर तू एकेक कडी ओढून बघितलीस, तेव्हा तुला कळलं असणार. कड्या कुणाच्या हातच्या आहेत हे तुझ्याशिवाय जगात कुणाला ओळखता आलं असतं?

बाई म्हणाल्या, "मला हा कागद कधीच पटला नव्हता. त्या आठवड्यात ती रजेवर होती, हजेरीपट आहे माझ्याकडे. म्हणून तुम्हाला बोलावलं होतं." मी खुर्चीत बसले आणि रडले. बाईंसमोर, ऑफिसात, या वयात. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

तीन वर्षं मी समजत होते की तू माझ्यावर रागावून गेलीस, कारण मी तुझी बाजू घेऊन कुणाशी भांडले नाही. मी तुला मनातल्या मनात हट्टी म्हटलं, आढ्यताखोर म्हटलं. आईला तर एकदा म्हटलं, जास्त शिकली की माणसं परकी होतात. आता तू निघालीस तो दिवस मला सारखा दिसतोय. बॅग दारात होती, रिक्षा खाली थांबलेली. तू चपला घातल्यास, परत काढल्यास, स्वयंपाकघरात आलीस आणि विचारलंस, "ताई, तुला मला काही सांगायचंय?"

मी म्हटलं, खोकल्याचं औषध घेतलंस का.

तू दाराशी जाऊन चपला परत घातल्यास. मग घेतलं म्हणालीस आणि गेलीस. ऑफिसला मी काय सांगते याची तुला पर्वाच नव्हती, ते तू आधीच मिटवून टाकलं होतंस, स्वतःचं नुकसान करून. तुला फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं. आणि मी औषधाचं विचारलं. आणि नंतर सतरा पत्रं पंपाची, गुडघ्यांची, शेवाळाची.

तर आता सांगते. कड्या मी बदलल्या, बारके. मला माहीत होतं आणि मी तुला पाच महिने फसवलं. तू चुकली नव्हतीस, तुझे सात महिने खरे होते, एकोणीस नंबर खरंच मंद होता. तुझ्यावर आळ आला तेव्हा मी बादली धरून उभी होते. माफ कर असं लिहायला मला तोंड नाही, पण माफ कर.

पुढचं नीट वाच. बाईंकडे आता दोन कागद आहेत. एकात तू म्हणतेस तू केलंस, दुसऱ्यात मी म्हणते मी केलं. हजेरीपट माझ्या बाजूने आहे, पण सही केलेला खुलासा तुझ्या तोंडून मागे घेतला जायला हवा, नाहीतर तो फाइलमध्ये तसाच राहील आणि त्यांना तसाच कळवावा लागेल. त्या तुला स्वतः फोन करणार आहेत. उत्तर पाठवायला त्यांनी दहा दिवस वाढवून घेतलेत, मीच मागितले, हे पाकीट तुझ्यापर्यंत पोचावं म्हणून. दहा मार्च, सकाळी अकरा. एकच प्रश्न विचारतील, कड्या कुणी बसवल्या.

मला काय होईल याचा हिशेब तू करशील, मला माहीत आहे, तुझं डोकं आधी तिकडेच जाईल. म्हणून सांगून टाकते. मला टाक्यांवरून काढलंय, कालपासून मी भांडारात बसते, बाटल्यांना चिठ्ठ्या लावते. निवृत्तीआधी चौकशी होईल. आईला सगळं माहीत आहे आणि ती माझ्याशी परत बोलायला लागलीय. आम्ही दोघी भागवू. गुडघ्यांना बसून काम बरंच आहे.

तू एकदा मला पाठीशी घातलंस आणि तीन वर्षं कमी उजेडाच्या खोलीत राहिलीस. परत घालशील याची मला भीती वाटते. त्यांनी विचारलं की तुझा आवाज जरा खाली जाईल, तू म्हणशील, तो कागद खरा आहे, ताईला यातलं काही माहीत नव्हतं. तसं म्हणू नकोस. पत्राला उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, रविवारी फक्त आईशी बोललीस तरी चालेल. पण त्या दिवशी अकरा वाजता फोन उचल, आणि माझं नाव घे.

तुझी,
ताई